नियम दोन ओळींचा, लगाम वीस ओळींचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या चिपबद्दलचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धं पान मिळालं, याचा आनंद आहेच. लेखातलं एक वाक्य मात्र तसंच सोडवत नाही: या चिपला शिकवावं लागत नाही, ती आपल्या जोडण्या आपणच बदलत जाते. जोडण्या बदलतात हे खरं. पण बदलतात म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्यांना मोकळं सोडलं तर काय होतं, याबद्दल लेखात काहीच नव्हतं. या कामात पडलेल्या माणसाचा बहुतेक वेळ जोडण्या बदलायला लावण्यात जात नाही, त्यांना आवरण्यात जातो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली हा विषय प्रकल्पासाठी घेतात आणि बहुधा याच ठिकाणी अडकतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

सुरुवात पेशीपासून करू. संगणकातला हा न्यूरॉन म्हणजे गळका रांजण समजा. शेजारच्या न्यूरॉनकडून ठोका आला की रांजणात तांब्याभर पाणी पडतं. मधल्या वेळात ते गळत राहतं. पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की न्यूरॉन स्वतः एक ठोका देतो आणि रांजण रिकामा होतो. या ठोक्याला स्पाइक म्हणतात आणि खुणेला उंबरठा. समजा उंबरठा विश्रांतीच्या पातळीपेक्षा १५ मिलिव्होल्ट वर आहे, गळतीचा काळ २० मिलिसेकंद आहे (म्हणजे तेवढ्या वेळात पातळी ३७ टक्क्यांवर येते) आणि प्रत्येक ठोक्यामागे ४ मिलिव्होल्ट वाढतात. ठोके २ मिलिसेकंदांच्या अंतराने आले तर पाचव्या ठोक्याला उंबरठा ओलांडला जातो. अंतर ५ मिलिसेकंद केलं तर आठवा ठोका यावा लागतो. २० मिलिसेकंद केलं तर पातळी ६.३ च्या आसपास अडकते आणि कितीही ठोके आले तरी न्यूरॉन गप्प राहतो. ठोके किती आले याइतकंच ते केव्हा आले यालाही महत्त्व आहे. मोबाइलमधल्या फोटो ओळखणाऱ्या नेहमीच्या न्यूरल नेटवर्कपेक्षा हे प्रतिमान वेगळं पडतं ते इथे.

आता जोडणी. ‘जोडणी बदलते’ म्हटलं की तार तुटून दुसरीकडे जोडली जाते असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक आकडा बदलतो. अ या न्यूरॉनचा ठोका ब या न्यूरॉनच्या रांजणात किती पाणी ओतेल, तो हा आकडा. त्याला वजन म्हणायचं.

लेखात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या नावावर दिलेलं ‘एकत्र ठोके देणाऱ्या पेशी एकत्र जोडल्या जातात’ हे सूत्र हेब यांचं नाही. ती यमकदार इंग्रजी ओळ मेंदू-संशोधक कार्ला शॅट्झ यांनी १९९२ मध्ये लिहिली. हेब यांची १९४९ ची मांडणी अधिक नेमकी होती: अ पेशी ब पेशीला ठोका द्यायला लावण्यात वारंवार भाग घेत असेल, तर अ ची परिणामकारकता वाढते. यात कार्यकारणाचा क्रम आहे, नुसतं एकत्र असणं नाही. वारंवार उत्तेजनानंतर जोडणी खरोखर तासन्‌तास बळकट राहते हे ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलं, १९७३ मध्ये. क्रमाचा प्रश्न सुटायला आणखी पाव शतक गेलं. १९९८ मध्ये बी आणि पू यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या), काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर मोजमाप करून दाखवलं की अ चा ठोका ब च्या आधी काही मिलिसेकंद आला तर जोडणी बळावते आणि नंतर आला तर कमकुवत होते. हा सगळा खेळ साधारण वीसेक मिलिसेकंदांच्या खिडकीत चालतो.

सूत्रात मांडलं तर ते दोन ओळींत बसतं. समजा वाढीचा गुणक ०.०१ आणि घटीचा ०.०१०५ आहे, आणि दोन ठोक्यांतलं अंतर वाढेल तसा बदल २० मिलिसेकंदांच्या गतीने विरत जातो. अ चा ठोका ब च्या ५ मिलिसेकंद आधी आला तर वजन ०.००७८ ने वाढतं. ४० मिलिसेकंद आधी आला तर जेमतेम ०.००१४ ने. ५ मिलिसेकंद नंतर आला तर ०.००८२ ने घटतं. घटीचा गुणक किंचित मोठा ठेवलाय तो मुद्दाम: योगायोगाने जवळ पडलेल्या ठोक्यांची गोळाबेरीज उणे यावी आणि नुसत्या गोंगाटाने वजनं फुगू नयेत.

प्रत्यक्ष कोड लिहिताना सगळ्या ठोक्यांच्या वेळा साठवायची गरज नसते. प्रत्येक न्यूरॉनसाठी एक ‘माग’ ठेवायचा. ठोका दिला की माग १ ने वाढवायचा, एरवी २० मिलिसेकंदांच्या गतीने विरू द्यायचा. ब ने ठोका दिला की अ च्या मागाला वाढीच्या गुणकाने गुणून वजनात मिळवायचं. अ ने दिला की ब च्या मागाला घटीच्या गुणकाने गुणून वजा करायचं. इथेच पहिली चूक होते. गणनेची पायरी, म्हणजे घड्याळ एका वेळी जितकं पुढे सरकवायचं तो काळ, मोठी, उदाहरणार्थ ५ मिलिसेकंदांची, घेतली की अ आणि ब चे ठोके एकाच पायरीत पडतात आणि आधी कोण, नंतर कोण हेच हरवतं. मग कोडमध्ये जी ओळ आधी लिहिलेली असेल तिच्या बाजूने निकाल लागतो. पायरी ०.५ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी हवी, आणि तरीही ठोके एकाच पायरीत पडले तर काय करायचं हे स्वतः ठरवून लिहून ठेवायला हवं.

इथपर्यंत नियम झाला. आता तो एखाद्या जाळ्याला लावून बघा. झुरिकच्या पीटर डील आणि मॅथ्यू कुक यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेलं जाळं यासाठी उत्तम, कारण ते लहान आहे आणि त्याचा कोड खुला आहे. हाताने लिहिलेल्या इंग्रजी अंकांची २८ × २८ ठिपक्यांची चित्रं, म्हणजे ७८४ इनपुट. ठिपका जितका उजळ तितके जास्त ठोके. पूर्ण उजळ ठिपक्याला सेकंदाला ६३.७५, तेही कधी पडतील ते यादृच्छिक. प्रत्येक चित्र ३५० मिलिसेकंद दाखवायचं, मग १५० मिलिसेकंद काहीच न दाखवता रांजण गळून जाऊ द्यायचे. समोर समजा ४०० उत्तेजक न्यूरॉन, म्हणजे ज्यांचा ठोका पुढच्याचा रांजण भरतो असे. प्रत्येक इनपुट प्रत्येकाला जोडलेला, म्हणजे शिकणारी वजनं ३,१३,६००. चित्राखाली कुठला अंक आहे हे शिकताना जाळ्याला सांगितलं जात नाही.

या जाळ्याला फक्त वरचा दोन ओळींचा नियम लावला तर पहिल्या काही चित्रांतच एखादा न्यूरॉन योगायोगाने इतरांच्या पुढे जातो. पुढे गेला म्हणून त्याची वजनं वाढतात, वजनं वाढली म्हणून पुढच्या चित्रालाही तोच आधी ठोका देतो. थोड्या वेळात तो प्रत्येक अंकाला ठोके देऊ लागतो आणि बाकीचे ३९९ जवळजवळ बसून राहतात. त्याच्या वजनांचं चित्र काढलं तर सगळे अंक एकावर एक गिरवल्यासारखा गोल डाग दिसतो. ‘आपणच शिकणारी’ चिप मोकळी सोडली की एवढंच शिकते.

म्हणून लगाम लागतात. पहिला शेजाऱ्यांचा. प्रत्येक उत्तेजक न्यूरॉनच्या जोडीला एक शामक न्यूरॉन असतो. उत्तेजकाने ठोका दिला की त्याचा शामक बाकीच्या सगळ्यांना दाबतो. त्यामुळे एका चित्रावर एक-दोनच न्यूरॉन बोलतात आणि त्यांचीच वजनं त्या चित्राकडे सरकतात. ४०० न्यूरॉनसाठी अशा दाबणाऱ्या जोडण्या १,५९,६०० होतात आणि त्या बदलत नाहीत, हे लक्षात घ्यावं: शिकणाऱ्या जाळ्याचा मोठा भाग मुद्दाम न शिकणारा ठेवलेला असतो. दाब फार वाढवला तर पहिला ठोका देणारा पुढचे सगळे ठोके एकटाच देतो. फार कमी केला तर एकाच वेळी पन्नास न्यूरॉन एकच गोष्ट शिकतात.

दुसरा लगाम या सगळ्यात कळीचा: चढता उंबरठा. न्यूरॉनने ठोका दिला की त्याचा स्वतःचा उंबरठा ०.०५ मिलिव्होल्टने वर सरकतो आणि अत्यंत सावकाश खाली येतो. डील आणि कुक यांच्या कोडमध्ये या उतरण्याचा काळ १०,००० सेकंद आहे, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक. एका चित्रावर २० ठोके देणाऱ्याचा उंबरठा चित्रामागे १ मिलिव्होल्टने चढतो. सलग दहा चित्रं मारून नेणारा स्वतःच्याच वाटेत १० मिलिव्होल्टची भिंत उभी करतो आणि तोवर दुसऱ्यांना संधी मिळते. मंडळाच्या बैठकीत सारखं बोलणाऱ्याला अध्यक्षांनी हळूच माइकपासून दूर बसवावं, तसं काहीसं. हा एक लगाम बंद करून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून पाहा; वर सांगितलेला एकाधिकार लगेच परत येतो. खऱ्या मेंदूतही पेशी आपली एकूण सक्रियता ठरावीक पातळीभोवती राखतात, त्याचीच ही गणिती नक्कल.

तिसरा लगाम बेरजेचा. प्रत्येक चित्राआधी एका न्यूरॉनकडे येणाऱ्या सगळ्या ७८४ वजनांची बेरीज ७८ वर आणून ठेवायची, म्हणजे सरासरी वजन ०.१. एका जोडणीने घेतलं की दुसऱ्या कुणाचं तरी जाणार. त्यांच्या शोधनिबंधातल्या सूत्रांपेक्षा ही गोष्ट कोडमध्ये जास्त ठळक दिसते, आणि नुसता निबंध वाचून जाळं नव्याने लिहिणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. घटीच्या नियमातही एक बारकावा आहे. ब ने ठोका दिल्यावर ज्या इनपुटचा माग जवळजवळ शून्य आहे त्याचं वजन त्याच क्षणी थोडं कापायचं. गप्प बसलेल्या जोडणीलाही शिक्षा हवी, नाहीतर अंकाच्या रेषेबाहेरचे काळे ठिपके सुरुवातीच्या यादृच्छिक वजनांसह तसेच पडून राहतात.

उलटा बिघाडही होतो: कुणीच ठोका देत नाही. ठोका नाही तर बदल नाही, आणि बदल नाही तर पुढेही ठोका नाही. उपाय सरळ आहे. एका चित्रावर सगळ्यांचे मिळून पाच ठोकेही झाले नाहीत, तर इनपुटचा कमाल दर सेकंदाला ३२ ठोक्यांनी वाढवून तेच चित्र पुन्हा दाखवायचं. पुढच्या चित्राला दर मूळ पातळीवर आणायला विसरू नका. विसरलात तर दर चढतच जातो, शेवटी सगळेच ठोके देऊ लागतात आणि दोष शिकण्याच्या नियमाला दिला जातो.

आता निकाल काय येतो ते. डील आणि कुक यांच्या मोजमापात १०० न्यूरॉनना सुमारे ८३ टक्के, ४०० ना ८७, १६०० ना ९२ आणि ६४०० ना ९५ टक्के अचूकता. हे आकडे कौतुकाचे आहेत ते न सांगता शिकल्यामुळे. नाहीतर याच अंकांवर साधी एकथरी रेषीय पद्धत ८८ टक्क्यांपर्यंत जाते, आणि १९९८ सालचं यान लकून यांचं जाळं ९९ च्या पुढे गेलं होतं. लेखातला ‘मेंदूसारखी म्हणून अधिक अचूक’ हा निष्कर्ष आजच्या घडीला उलटा आहे. अधिक अचूक हवं असेल तर याच ठोक्यांच्या जाळ्याला नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे उत्तरातली चूक मागे पोहोचवून वजनं दुरुस्त करत शिकवतात. कुठलं वजन किती हलवायचं हे त्या पद्धतीत उतारावरून ठरतं. ठोक्याच्या तुटक पायरीला उतार नसतो, म्हणून हिशोबापुरता एक गुळगुळीत उतार उसना घेतात. चालतं छान, पण मग ते ‘आपणच शिकणं’ राहत नाही.

चाचणीत होणाऱ्या चुका तर जवळपास ठरलेल्या. चाचणीच्या वेळी वजनं गोठवतात पण चढता उंबरठा चालूच ठेवतात. मग पाचशेव्या चित्राचा निकाल आधीच्या चारशे नव्व्याण्णव चित्रांवर अवलंबून राहतो. दोन्ही गोठवा. कुठला न्यूरॉन कुठल्या अंकाचा हे शिकून झाल्यावर ठरवतात: ज्या अंकाला तो सर्वांत जास्त ठोके देतो तो त्याचा. ही नेमणूक शिकवण्याच्या चित्रांवरून व्हायला हवी. चाचणीच्या चित्रांवरून केली तर आकडा फुगतो आणि तो फुगलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. उत्तर ठरवताना त्या अंकाच्या न्यूरॉनच्या ठोक्यांची सरासरी घ्यायची, बेरीज नाही. नाहीतर ज्या अंकाच्या वाट्याला जास्त न्यूरॉन आले तो दर वेळी निवडून येतो. आणि चित्रं पिसून दाखवायची. आधी सगळे शून्य, मग सगळे एक असं केलं तर नऊपर्यंत येता येता शून्य पुसलेलं असतं. ही विस्मृती नेहमीच्या नेटवर्कमध्ये १९८९ पासून नोंदलेली आहे. जोडण्या आपणच बदलतात म्हणून ती टळत नाही.

मराठी मुलांनी प्रकल्प करायचा तर इंग्रजी अंकच कशाला? देवनागरीचा एक खुला चित्रसंच नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तयार केला आहे. ४६ अक्षर-अंक, प्रत्येकाची २,००० चित्रं, ३२ × ३२ ठिपक्यांची. त्यात कडेला चारही बाजूंनी दोन-दोन ठिपक्यांची कोरी किनार आहे. ती कापली की बरोबर २८ × २८ उरतात आणि वरचं जाळं एक आकडाही न बदलता चालतं. फक्त दहा अंक घेतले तर शिकवायला १७,००० आणि तपासायला ३,००० चित्रं होतात. एक फेरी म्हणजे जाळ्याच्या घड्याळाने ८,५०० सेकंद, दोन तास वीस मिनिटं. इंग्रजी अंकांच्या ६०,००० चित्रांना तेच आठ तास वीस मिनिटं लागतात. लॅपटॉपच्या घड्याळाने याहून जास्तही लागू शकतात, तेव्हा शंभर न्यूरॉनपासून सुरुवात करावी. ब्रायन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आधी पार्श्वभूमी शून्य, म्हणजे काळी आहे ना ते बघून घ्या. स्वतः पांढऱ्या कागदावर लिहून स्कॅन केलेले अंक तसेच दिले तर कागदच ठोके देत बसतो आणि अक्षर गप्प राहतं; आधी उलटे करावे लागतात. शिवाय नेपाळी हातातली काही अंकांची वळणं आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे या संचावर शिकलेलं जाळं मराठी हस्ताक्षरावर घसरलं तर नवल नाही. दर हजार चित्रांनी सगळी वजनं २८ × २८ च्या चौकटींत छापून पाहत जा. अचूकतेचा आकडा सांगायच्या कितीतरी आधी बिघाड तिथे डोळ्यांना दिसतो.

हे सगळं लॅपटॉपवर. चिपवर आलं की नवी दुखणी सुरू होतात. पहिलं बिटांचं. लॅपटॉपवर वजन हा लांबलचक दशांश अपूर्णांक असतो, चिपवर त्याला मोजकेच बिट मिळतात. इंटेलच्या २०१८ च्या लोइही चिपमध्ये १ ते ९. समजा ८ बिट आहेत आणि वजन ० ते १ मध्ये आहे. मग सर्वांत लहान पायरी ०.००३९. वर काढलेला ४० मिलिसेकंदांचा बदल होता ०.००१४, म्हणजे अर्ध्या पायरीपेक्षाही कमी. जवळच्या आकड्याला बांधला की तो शून्य होतो, दर वेळी शून्य, आणि ती जोडणी हजार वेळा बरोबर वागली तरी जागची हलत नाही. यावर तोडगा फाशांचा आहे: शंभरातल्या सुमारे ३५ वेळा पूर्ण पायरी चढवायची, उरलेल्या वेळी काही करायचं नाही. सरासरी बरोबर येते. त्यासाठी चिपवरच यादृच्छिक आकडे तयार करणारं मंडल (सर्किट) लागतं.

दुसरं दुखणं रचनेचं. वजनांचा तक्ता स्मृतीत अ च्या ओळीप्रमाणे लावलेला असतो, कारण अ ने ठोका दिला की त्याची ४०० वजनं सलग वाचता येतात. शिकताना मात्र ब च्या ठोक्यानंतर त्याच्याकडे येणारी ७८४ वजनं लागतात, आणि ती ७८४ वेगवेगळ्या ओळींत विखुरलेली असतात. ओळींनी लावलेल्या पोथ्यांतून प्रत्येकीचं सातवं पान काढण्यासारखं हे काम. लोइहीत त्यासाठी ठरावीक कालखंडाने सगळ्या मागांचा हिशोब एकदम करून वजनं बदलतात. वजन आणि हिशोब एकाच जागी ठेवणाऱ्या मेमरिस्टरने (आपली वाहकता, म्हणजे वीज किती सहज वाहू द्यायची ते, लक्षात ठेवणाऱ्या घटकाने) हे टळेल अशी आशा असते. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेला हा घटक एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये हातात आणून दाखवला. पण बऱ्याच मेमरिस्टरमध्ये वाहकता वर जाताना एका चालीने जाते आणि खाली येताना दुसऱ्याच, शेजारशेजारच्या दोन घटकांचंही एकमेकांशी जुळत नाही आणि ठेवलेलं मूल्य काळाबरोबर सरकतं. आपल्याकडेही या घटकांवर काम चालू आहे: आयआयटी मुंबईत उदयन गांगुली यांच्या गटाचं, आणि बंगळूरच्या आयआयएससीचं, जिथे २०२४ मध्ये रेणूंच्या पापुद्र्यावर १६,५०० वेगळ्या वाहकता-पातळ्या दाखवल्या गेल्या. आठ बिटांच्या २५६ पायऱ्यांशेजारी हा आकडा ठेवला की त्याचं वजन कळतं.

राहिला विजेचा मुद्दा. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी मांडलेल्या हिशोबात ३२ बिटांच्या एका बेरजेला ०.१ पिकोज्यूल लागतात आणि बाहेरच्या डीरॅमला, म्हणजे चिपबाहेरच्या मुख्य स्मृतीला, हात लावायला १.३ ते २.६ नॅनोज्यूल, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. मेंदूसारख्या चिपची बचत मुख्यतः इथली: वजन न्यूरॉनच्या शेजारी असतं आणि ठोका आला तरच वाचलं जातं. ती आपोआप मात्र होत नाही. वरच्याच जाळ्यात सरासरी चित्राचा उजेड सुमारे शंभर पूर्ण उजळ ठिपक्यांइतका असतो. प्रत्येकाचे ३५० मिलिसेकंदांत सुमारे २२ ठोके, प्रत्येक ठोक्याला ४०० वजनं: ८,८०,००० वाचनं. नेहमीच्या पद्धतीने हेच चित्र एका दमात ३,१३,६०० गुणाकारांत उरकतं. ठोके विरळ ठेवता आले तरच फायदा. म्हणून या चिप स्थिर फोटोंपेक्षा, उजेड बदलला तरच ठिपका कळवणाऱ्या कॅमेऱ्यासोबत जास्त शोभतात.

आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपचा ७० मिलिवॉटचा आकडा आपल्या लेखात ‘शिकणाऱ्या चिपची वीज’ म्हणून आला होता. दहा लाख न्यूरॉन आणि २५.६ कोटी जोडण्यांची ही चिप, आयआयटी मुंबईत शिकलेल्या धर्मेंद्र मोढा यांच्या नेतृत्वाखाली झालेली, अभियांत्रिकीचा उत्कृष्ट नमुना आहे. पण ती चालताना शिकत नाही. वजनं बाहेरच्या संगणकावर शिकवून तिच्यात भरावी लागतात, आणि त्या शिकवण्याची वीज ७० मिलिवॉटमध्ये धरलेली नाही. उलट बाजूने पाहा: इंटेलच्या २०२४ च्या हाला पॉइंट यंत्रात ११५ कोटी न्यूरॉन आहेत आणि ते जास्तीत जास्त २,६०० वॉट खातं. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि खर्च २० वॉटच्या आसपास. पंच्याहत्तरावा हिस्सा न्यूरॉन, १३० पट वीज.

तार खरोखर तोडून नवी जोडण्याचाही एक प्रकार आहे. वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं की जोडणी काढून टाकतात आणि दुसरीकडे कुठेतरी यादृच्छिक नवी टाकतात, एकूण संख्या तेवढीच ठेवून. तिथेही हिशोब आधी करावा लागतो. पूर्ण तक्त्यात प्रत्येक वजनाला एक बाइट पुरतो, ४०० न्यूरॉनना ३,१३,६०० बाइट. मोजक्या जोडण्यांची यादी ठेवायची तर वजनासोबत पत्ताही लिहावा लागतो, म्हणजे तीन बाइट. दहा टक्के जोडण्या असतील तर यादी ९४,०८० बाइटांत बसते. एक तृतीयांशाहून जास्त झाल्या की यादीच तक्त्यापेक्षा मोठी होते.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी अशा चिपची बातमी देताना कंपनीच्या पत्रकातून चार गोष्टी मागून घ्याव्यात: शिकणं चिपवर झालं की बाहेर, कोणत्या चित्रसंचावर, अचूकता किती, आणि विजेचं मोजमाप घेताना शिकणं चालू होतं की बंद. पत्रकात त्या नसतील तर मथळ्यात ‘शिकणारी चिप’ऐवजी ‘शिकवलेली चिप’ छापावं. अक्षरांची जागा साधारण तेवढीच लागते.

आपले विश्वासू,
ठोक्यांच्या जाळ्यांवर काम करणारे काही वाचक, पुणे